सहा हजार खेपा

रीता : मग पुढं काय झालं?

देविदास : पुढं काही झालंच न्हाई. पडद्यावर ते चाक गोल फिरत राहिलं. एक मिनिट झालं, दोन झाले. अध्यक्षसाहेब मोबाईल काढून बसले.

रीता : कोण अध्यक्ष? अर्ध्यातून सांगू नका. मी अंगणवाडीतून आत्ता येऊन राहिले, मला सुरवातीपासून सांगा.

देविदास : हळदवाल्या शेतकऱ्यांची कंपनी हाय ना, सेनगाव रोडला गोदाम हाय त्यांचं? हंगामात तिथं गाड्यांची रांग लागते, दोन-दोन दिवस माणसं गाडीखाली झोपतात. तर घरूनच मोबाईलवर नंबर मिळावा, आपली पाळी कधी ते कळावं, असं सॉफ्टवेअर त्यांना पायजे होतं. यास्मीनच्या बॅचनं ते तयार केलं. आज दाखवायचं होतं. पसंत पडलं असतं तर चार पोरांना तिथंच काम लागत होतं.

रीता : अन् पसंत पडलं न्हाई.

देविदास : दिसलंच न्हाई तर पसंत काय पडणार? दहा गाड्या टाकून पाहिलं तवा पळत होतं. आज त्यांनी गेल्या हंगामाच्या समद्या गाड्या टाकल्या. सहा हजार. बसलं मटकन.

रीता : तुमी हसले.

देविदास : मी कुठं हसलो?

रीता : आत्ता. मटकन म्हणताना.

देविदास : हसलो असंन. मग? चौदा वर्षं मी त्या इन्स्टिट्यूटमधी शिकवून राहिलो. हिंगोलीत डेटाबेस म्हणलं की राठोड सर. यास्मीनला कुणी शिकवलं? मीच ना? शिरड शहापूरवरून येष्टीनं यायची, ओढणीच्या टोकाला पासचं पाकीट बांधून. ती पुण्याला गेली, सहा वर्षांनी अम्मीच्या दुखण्यापायी वापस आली, अन् आमच्या मालकानं, साजीदभाईनं, दुसऱ्या दिवशी बोर्ड बदलला. डेपोसमोरचा. तिचा फोटो लावला.

रीता : तुमचा होता ना त्याच्यावर?

देविदास : माझा काढला. जागा न्हवती म्हणे.

रीता : हे मला नव्हतं सांगितलं तुमी.

देविदास : काय सांगायचं त्यात? माझ्या बॅचमधी आता नऊ पोरं. तिच्याकडं एक्केचाळीस. मधात नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. मी इकडं बोलून राहिलो तर माझेच पोरं तिकडं कान लावून बसतात. पहिल्या दिवशी ती काय म्हणली म्हाईत हाय? म्हणली, आता एसक्यूएल कुणी हातानं लिहीत न्हाई. पोरं हसले. मी तवा फळ्यावर एसक्यूएलच लिहीत होतो.

रीता : ते एसक्यूएल म्हणजे तुमी शिकवता तेच ना?

देविदास : तेच. डेटाबेसची भाषा. त्याच्यातून काही काढायचं तर त्याच्या भाषेत मागावं लागतं. हे नवीन काय हाय, की मधात एक दुभाषा बसवायचा. ओआरएम म्हणतात. पोरांनी आपल्या प्रोग्राममधी नुसतं लिहायचं, गाडीचा शेतकरी. दुभाषा स्वतःच आत जातो, विचारतो, नाव आणून देतो. सोपं वाटतं. पोरांना वाटतं आपल्याला समदं येतं.

रीता : मग आज दुभाष्याला काय झालं?

देविदास : त्याला काही न्हाई झालं. तो सांगितलं तेच करतो. हे बघ, तुझ्या अंगणवाडीत चाळीस लेकरं हायत. तुझ्या मदतनीस धुरपताबाईला सांगितलं, कोठीतून चाळीस वाट्या आण, तर ती एका खेपेत आणंल. पण तू एकेका लेकरापाशी थांबून म्हणलीस, याची वाटी आण, आता याची आण, तर?

रीता : चाळीस खेपा. धुरपताबाई मला वाटी फेकून मारंल.

देविदास : तसंच. तिच्या बॅचमधल्या मिनानं गाड्यांच्या यादीचं पान लिहिलं. दर गाडीपाशी थांबून शेतकऱ्याचं नाव मागितलं. दहा गाड्यांवर कळत न्हाई. सहा हजार गाड्या म्हणजे सहा हजार खेपा. वरून गावाचं नाव येगळं, त्याच्या येगळ्या. दुभाष्याला आधीच यादी द्यायची असते, की बाबा, शेतकरी संगंच घेऊन ये.

रीता : हे यास्मीनला ठाऊक न्हाई?

देविदास : ठाऊक हाय. तो धडा पुढच्या आठवड्यात होता. साजीदभाईनं तारीख अलीकडं ओढली. अन् ती मंगळवारी अम्मीला घेऊन नांदेडला गेलती, दवाखान्यात.

रीता : मग मंगळवारी पोरांकडं कोण होतं?

देविदास : लॅबमधी?

रीता : व्हय, लॅबमधी.

देविदास : मी होतो. जाताना म्हणली, सर, पोरांचं काम जरा बघून घ्याल का.

रीता : अन् तुमी बघितलं.

देविदास : हां.

रीता : आज पडद्यावर तर नुसतं चाक फिरलं म्हणता. तरी तुमी मला धुरपताबाईच्या वाटीचा दाखला देऊन समदं समजावलं. तुमाला हे आज कळलं का मंगळवारी?

(रीता तुरीची डाळ निवडायचं थांबवते.)

देविदास : दुभाषा आत काय-काय विचारतो ते पडद्याच्या खालच्या अंगाला दिसत राहतं. मिनानं बोलावलं. म्हणली, सर, हे एवढं काहून पळून राहिलं? एकच ओळ, पुन्हा-पुन्हा. फक्त गाडीचा नंबर बदलत होता. मला एका नजरेत कळलं. चौदा वर्षं हेच केलं मी.

रीता : मग काय म्हणले तिला?

देविदास : म्हणलो, चालतंय ना? चालू दे.

रीता : मिना कुठली?

देविदास : साखऱ्याच्या पल्याडच्या तांड्यावरची. बाबूसिंग पवारांची.

रीता : म्हणजे आपल्यातलीच.

देविदास : व्हय.

रीता : आज समद्यांसमोर काय म्हणली ती?

देविदास : बॅचमधले पोरं तिच्या अंगावर गेले. तुझ्या पानानं घात केला म्हणले. ती म्हणली, चूक माझी हाय. माझ्याकडं तिनं पाहिलं बी न्हाई. बॅग उचलली अन् गेली.

रीता : अन् तुमी तिथंच होते.

देविदास : मागच्या रांगेत. खरं सांगू? ते चाक फिरत होतं ना, तवा मी यास्मीनच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो. मला बरं वाटत होतं, रीता. पोटातून बरं वाटत होतं. मग मिना उठली.

रीता : ताट वाढू?

देविदास : भूक न्हाई.

रीता : जेवा. उद्या तुमाला लौकर जायचं हाय.

०

यास्मीन : सर? आज इतक्या लवकर? तुमची बॅच तर साडेदहाची असते.

देविदास : तू कधी आलीस?

यास्मीन : सहाला. बहीण बिलकीस अम्मीपाशी थांबली आहे, म्हणून येता आलं. हे बघा, दोन ओळी घातल्या. आता सहा हजार गाड्या अडीच सेकंदांत येतात.

देविदास : कंपनीला फोन केला?

यास्मीन : केला. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, आम्ही आता पुण्याचीच माणसं बघतो. मी पुण्याचीच आहे, असं तोंडावर आलं होतं. फोन ठेवला त्यांनी.

देविदास : मिना?

यास्मीन : तिचा फोन बंद आहे. वडिलांचा लागला. म्हणाले, आता पाठवत नाही, तिचं तिथलं सामान असंल तर ठेवून घ्या. चूक माझी आहे, सर. दहा गाड्यांवर तपासून मी गप्प बसले. साजीदभाईंनी तारीख बदलली तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मंगळवारी मी इथं असते तर मला पडद्याखालच्या लॉगमध्ये दिसलंच असतं.

देविदास : मला दिसलं होतं.

यास्मीन : काय?

देविदास : मंगळवारी. मिनानं दाखवलं. ती म्हणली, हे एवढं काहून पळून राहिलं. मला कळलं, अन् मी म्हणलो, चालू दे.

यास्मीन : लक्षात आलं नसेल तुमच्या. ओआरएमचा लॉग जरा वेगळा असतो.

देविदास : मला पळवाट देऊ नको, यास्मीन. आत शेवटी एसक्यूएलच असतं. बराबर कळलं होतं मला.

यास्मीन : मी तुमच्यावर सोपवून गेले होते.

देविदास : व्हय.

यास्मीन : अम्मीला तिथं डायलिसिसच्या मशीनवर लावलं होतं. चार तास मी बाहेर बाकड्यावर बसले होते. बहीण म्हणाली, लॅबमध्ये फोन करून विचार काय चाललंय. मी म्हटलं, गरज नाही, सर आहेत.

देविदास : काय बोलू मी?

यास्मीन : कशासाठी केलंत, ते बोला.

देविदास : जळलो. दुसरं काही न्हाई. बोर्डावर तुझा फोटो पाहिला की दिवसभर माझं चित्त ठिकाणावर राहत न्हाई. रस्ता बदलला मी, आता डेपोच्या मागून येतो. तुझ्याकडून पोरं हसत बाहेर पडले की मला वाटतं मलाच हसून राहिले. माझीच विद्यार्थिनी. चारचौघांत मी अभिमानानं सांगतो, मीच शिकवली. अन् घरी जाऊन जेवण जात न्हाई. तू पहिल्या दिवशी म्हणलीस, एसक्यूएल आता कुणी हातानं लिहीत न्हाई. मी पार्टिशनच्या पल्याड होतो.

यास्मीन : माहीत होतं मला.

देविदास : काय म्हाईत होतं?

यास्मीन : तुम्ही पलीकडे आहात हे. म्हणूनच जरा मोठ्यानं बोलले. वाक्य अर्धवट आहे, चुकीचं आहे, हे बोलतानाच कळत होतं. तरी बोलले.

देविदास : काहून? मी तुझं काय वाईट केलं होतं?

यास्मीन : बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ऑफिसातून तुमच्याकडं एक नाव मागितलं होतं. परीक्षेत मी पहिली होते, दिपक तिसरा. तुम्ही दिपकचं नाव दिलं. मला म्हणालात, तुला काय, दोन वर्षांत लगीन होऊन जाईल.

देविदास : मी असं म्हणलो?

यास्मीन : इथंच, या खिडकीपाशी. तुम्हाला आठवतही नाही, ते जास्त लागतं. पाच वर्षांनी मी माझ्या हिमतीवर पुण्याला गेले, पण रोज आधी डोळ्यांसमोर दिपकची खुर्ची दिसायची. तो आठच महिन्यांत सोडून आला, तरी मला ती दिसायची.

देविदास : मग आपली फिटंफाट झाली म्हण.

यास्मीन : नाही झाली, सर. मी तुम्हाला टोमणा मारला. तुम्ही मिनाला पाडलं. तिनं तुमचं काय केलं होतं?

देविदास : काही न्हाई.

यास्मीन : तिनं काल तुमचं नावसुद्धा घेतलं नाही. मला ते आत्ता कळतंय. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, कुणाला दाखवलं होतंस का. ती म्हणाली, नाही.

देविदास : मी तांड्यावर जातो. पावणेदहाची गाडी हाय.

यास्मीन : मी येते.

देविदास : नको. तू असलीस तर मी तुझ्या आडून बोलंन.

यास्मीन : आणि तुमची बॅच?

देविदास : तू घे. लेफ्ट जॉइनचा धडा हाय आज.

यास्मीन : घेते. पण एक सांगते, मी तुम्हाला माफ केलंय असं समजून जाऊ नका. दुपारी साजीदभाईंना हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.

देविदास : सांगतो. बोर्डावरच्या फोटोचं बी सांगू का त्याला?

यास्मीन : तुमच्या?

देविदास : न्हाई. राहू दे. निघतो मी.

०

बाबूसिंग : या मास्तर, या. बाजेवर बसा. मिना, पाणी आण. तुमी कशाला तकलीफ घेतली? मी मॅडमला फोनवर सांगितलं होतं.

देविदास : म्हणूनच आलो, बाबूसिंगभाऊ.

बाबूसिंग : तिला रागवू नका. कालपासून अन्नाला शिवली न्हाई. मी म्हणलो, बाई, ज्यातलं आपल्याला कळत न्हाई त्यात काहून पडायचं? तिची माय म्हणते, पोरीमुळं चार लेकरांचं काम गेलं, उद्या त्यांचे मायबाप दारात आले तर काय सांगायचं?

देविदास : त्यांना माझं नाव सांगा. मिना, तू बी इथं बस. तुझ्यासमोर बोलायचं हाय मला.

मिना : मी उभीच ठीक हाय, सर.

देविदास : भाऊ, पोरीची चूक न्हाई. ती शिकून राहिली, तिच्या हातून ते तसं लिहिलं गेलं, त्यात नवल न्हाई. पण तिला शंका आली होती. एक्केचाळीस जणांत तिला एकटीला आली. तिनं मंगळवारी मला बोलावून दाखवलं. मला दिसलं, की हे पुढं बसणार. मी तिला म्हणलो, चालू दे.

बाबूसिंग : म्हणजे पोरीनं विचारलं होतं?

देविदास : व्हय.

बाबूसिंग : अन् तुमाला ठाऊक होतं?

देविदास : व्हय.

बाबूसिंग : काहून केलं असं, मास्तर? आमचं तुमचं तर गोत बी जवळचं.

देविदास : यास्मीन मॅडमचं नाव होईल, ते मला बघवत न्हवतं.

बाबूसिंग : अन् माझ्या पोरीचं नाव?

देविदास : खरं सांगतो, भाऊ. ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तिथं फक्त मॅडम दिसत होती मला. पोरगी दिसलीच न्हाई.

बाबूसिंग : मिना, हे खरं हाय?

मिना : व्हय, बा.

बाबूसिंग : मग घरी येऊन बोलली काहून न्हाईस? कालपासून मायचं ऐकून राहिलीस. तिथं बी बोलली न्हाईस.

मिना : सरांनी न्हाई म्हणलं असतं तर?

देविदास : मी?

मिना : तुमी म्हणले असते, मला दाखवलंच न्हाई, तर समदे कुणाचं ऐकणार होते? चूक करणारी तर मी होतेच. मग खोटारडी बी झाले असते. त्यापेक्षा चूक माझी, हे सोपं होतं.

देविदास : तसं म्हणलो असतो का मी, ते मला बी आज सांगता येत न्हाई.

बाबूसिंग : आता तरी मिटली का तुमची आग?

देविदास : न्हाई, भाऊ. आत्ता गाडीत बसून येताना बी तेच. माझी बॅच आज यास्मीन घेऊन राहिली. मनात येतं, पोरं म्हणत असतील, सरांपेक्षा हीच बरी समजावते. तुमच्या दारात बसलो तरी ते जात न्हाई. पण त्याच्यापायी पुन्हा कुणाच्या लेकराला पाडणार न्हाई, एवढं सांगू शकतो.

बाबूसिंग : खोटं बोलून गेले असते तर बरं वाटलं असतं मला. हे ऐकून बरं न्हाई वाटत. पण ठीक हाय. पाणी तर प्या.

देविदास : मिना, तू काय म्हणतेस?

मिना : हे समद्या बॅचसमोर सांगाल का? जे पोरं माझ्या अंगावर आले त्यांच्यासमोर?

देविदास : उद्या दहाला. साजीदभाई बी असतील.

मिना : नुसतं चूक झाली असं न्हाई. इथं सांगितलं तसं. जळलो म्हणून.

देविदास : तसंच सांगतो.

बाबूसिंग : मी येतो ऐकायला.

देविदास : या, भाऊ. पहिल्या रांगेत बसा.

मिना : बा, तुमी नका येऊ. मी जाते ना.

बाबूसिंग : जातेस?

मिना : ते काम गेलंच का, सर? हळदीच्या कंपनीचं?

देविदास : गेलं. मी अध्यक्षांना भेटणार हाय, जे घडलं ते सांगणार हाय. पण ऐकतील असं वाटत न्हाई. ते तुमच्या चौघांना मी वापस आणून देऊ शकत न्हाई.

मिना : अन् माझं पान? ते तसंच पडून हाय का?

देविदास : न्हाई. मॅडमनं सकाळी दुरुस्त केलं. अडीच सेकंदांत येतं आता. दोनच ओळी घातल्या म्हणे.

मिना : कोणत्या दोन?

देविदास : त्या मला सांगता न्हाई येणार.

मिना : काहून? तुमाला तर एका नजरेत कळलं होतं.

देविदास : कुठं दुखतं ते कळलं होतं. मला विचारशील तर मी एसक्यूएलमधी लिहून देईन. त्या दुभाष्याशी कसं बोलायचं ते मला येत न्हाई. सकाळी पडद्यावर दोन्ही ओळी समोर होत्या. वाचल्या. समजल्या न्हाईत. तिला विचारायची जीभ उचलली न्हाई.

मिना : वर्षभरात एकदा बी न्हाई विचारलं?

देविदास : न्हाई. तिच्यासमोर कसं विचारू?

मिना : मी विचारते उद्या. तुमी तिथंच बसून राहा.